बाबांचा बुधवार

बाबा बुधवारी दाढी करायचे. एरवी दोन-दोन दिवस गालावर पांढरे खुंट वाढवून माझ्या फरीदाबादच्या घरात फिरणारा हा माणूस बुधवारी दुपारी आरशासमोर गाल फुगवून, ओठ ताणून दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि सात वाजायच्या आधीच बूट चढवून दारापाशी उभा राहायचा. माझ्यासोबत कुठं जायचं म्हणून त्यांनी कधी दाढी केलेली मला आठवत नाही. सांगायला लाज वाटते, पण माझ्या पोटात दुखायला लागलं ते या दाढीवरून.

ते जायचे आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथं नगरकडचं एक मराठी ख्रिस्ती जोडपं राहतं. तो एका कारखान्यात इंजिनियर, ती शाळेत विज्ञान शिकवते. मूलबाळ नाही. दर बुधवारी त्यांच्याकडे उपासना असायची. दहा-बारा माणसं, एक पेटी, निम्मी गाणी मराठी, निम्मी हिंदी, आणि शेवटी चहा. उभ्या आयुष्यात एकही गणपती न चुकवलेले माझे बाबा तिथं जाऊन मांडी घालून बसायचे.

आई गेल्यावर बाबा पुण्याच्या घरात न्हाणीघरात पडले आणि मी त्यांना इकडे आणलं. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, लग्न केलेलं नाही, दिल्लीत बावीस वर्षं झाली. बाबांना इथं करमेना. खाली बागेत बसलेली म्हातारी मंडळी हिंदीत राजकारण बोलायची आणि बाबा नुसते हसून मान हलवायचे. त्यांना परत जायचं होतं. एकट्यानं राहणं जमणार नाही हे त्यांनाही कळत होतं, म्हणून ते एकच विचारायचे, "तुझ्या बदलीचं काय झालं?"

"अर्ज वर गेलाय बाबा. साहेबांच्या टेबलावर आहे."

अर्ज वर गेलेला नव्हता. तो ऑफिसात माझ्याच ड्रॉवरमध्ये होता, कोरा. इथं मी खोलीत शिरले की चार माणसं खुर्ची सोडून उभी राहतात. पुण्यात मी पुन्हा ‘लग्न न झालेली’ होणार, मावश्या आणि चुलत्या डोळ्यांत दया आणून माझी चौकशी करणार. हे बाबांना तोंडावर सांगण्यापेक्षा एक न दिसणारा साहेब बरा होता. दोन वर्षं मी तो साहेब जिवंत ठेवला.

वरच्या बाईंची ओळख झाली ती पानिपतला. संक्रांतीला आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाची बस काला अंबच्या स्मारकाला जाते, लढाईतल्या माणसांना नमस्कार करायला. मी बाबांना घेऊन गेले होते. धुकं दाट होतं, गारठा हाडात शिरत होता. मी फोटो काढण्यात गुंतले असताना बाबांना धाप लागली. त्यांचा कोपर धरून त्यांना बाकावर बसवलं, थर्मासमधला चहा पाजला, तो तिनं. मी धावत आले तर बाबा तिच्याशी गप्पा मारत होते. तिच्या गळ्यात बारीक साखळीत क्रूस होता. तो दिसला आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की पानिपताशी यांचा काय संबंध? तिचे पणजोबा-खापरपणजोबा नगरच्या गावातले, माझे कोकणातून आलेले, त्या लढाईत कुणाचं कोण होतं देव जाणे. आभार मानायच्या जागी मी हा विचार करत होते.

परतीच्या बसमध्ये बाबा तिच्या नवऱ्याशेजारी बसले आणि फरीदाबाद येईपर्यंत बोलत होते. ज्या गोष्टी मी "हो बाबा, माहितीये" म्हणून कापायचे, त्या सगळ्या त्यानं ऐकून घेतल्या. मी मागच्या सीटवर, आम्ही एकाच इमारतीत राहतो हे कळल्यावर तिघांना झालेला आनंद बघत होते.

मग सुरूच झालं. ती आधी त्यांना काका म्हणायची, महिन्याभरात बाबा म्हणायला लागली. भोपळ्याची भाजी माझ्याकडे ताटात तशीच राहायची, तिच्याकडे दोनदा मागून घ्यायचे. नाताळात तिनं फराळाचं ताट पाठवलं. बाबांनी करंजी मोडली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून म्हणाले, "अगदी तुझ्या आईसारखी." मी दर दिवाळीला आईच्या हाताची म्हणूनच करंजी करते. एकदाही हे वाक्य माझ्या वाट्याला आलेलं नाही. त्या दिवशी मी ती करंजी खाल्ली नाही, आणि मला तेल सोसत नाही असं सांगितलं.

एका बुधवारी जेवताना ते आपण होऊन म्हणाले, "त्यांच्यात एक चांगलं आहे. प्रार्थनेच्या आधी प्रत्येकाला विचारतात, तुमची काय विनंती आहे म्हणून. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलाची परीक्षा. मग सगळे मिळून त्यासाठी मागतात."

"तुम्ही काय मागता?"

"असतं काहीतरी," म्हणाले आणि भात वाढून घ्यायला लागले.

असतं काहीतरी! दहा परक्या माणसांना सांगता येतं आणि समोर बसलेल्या मुलीला सांगता येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भांडी मी अशी आपटली की बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ख्रिश्चनांचा विषय निघाला की काय बोलतात ते मला पाठ होतं. आमिष दाखवून बाटवतात. गोड बोलून घरात शिरतात. मनानं इथले नसतातच. मी कधी हो म्हटलं नव्हतं, नाही तर मुळीच म्हटलं नव्हतं, डबा खात बसायचे. यातलं मला काहीच पटत नव्हतं. बाबांना वर कुणी "आमच्यात या" म्हटलेलं नव्हतं. घरी आल्यावर ते रोजच्यासारखे देवापुढे दिवा लावायचे. पण माझ्याकडे राग होता आणि त्याला बाहेर नेण्यासारखा कपडा नव्हता. तो तयार कपडा इथं टांगलेला होता, माझ्या मापाचा.

सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर एकदा कुणीतरी लिहिलं, की बुधवारी लिफ्टमध्ये बाहेरची माणसं फार असतात. कोण येतं, कशाला येतं? त्याच महिन्यात आमच्या पार्किंगमध्ये भोंगे लावून देवीच्या भजनांची ‘माता की चौकी’ झाली होती आणि अर्धं फरीदाबाद जेवून गेलं होतं, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. हे मला दिसत होतं. तरी मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि लिहिलं, "तीसरी मंज़िल पर प्रेयर होती है। अकेले बुज़ुर्गों को बुलाते हैं, मेरे पिताजी को भी। आजकल तो वही भजन गुनगुनाते रहते हैं।"

प्रत्येक शब्द तसा खरा होता. ‘बाबा तिच्याकडे रमतात याचा मला हेवा वाटतो’ असं ग्रुपवर लिहिता येत नाही. हे लिहिता येतं, आणि वर लोक तुमची काळजीही करतात. चहा उकळेपर्यंत मेसेजांचा पाऊस पडला. "दीदी, आप अकेली नहीं हैं।" "धर्मांतरण का अड्डा नहीं बनने देंगे।" मी कुणालाही थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या बाईला पहिल्यांदाच काहीतरी कमी पडणार होतं.

पुढच्या बुधवारी सोसायटीतले तिघे गेटवर खुर्च्या टाकून बसले. येणाऱ्याला नाव, गाव, कुणाकडे आणि कशाला, सगळं विचारत होते. एक जण मोबाइलवर चेहरे टिपत होता. झारखंडचे एक शिंपी दर बुधवारी बायकोला घेऊन यायचे, ते रस्त्याच्या पलीकडूनच परत वळलेले मी बाल्कनीतून पाहिले. मी पडदा ओढून घेतला.

बाबा दाढी करून वर गेले आणि दहा मिनिटांत परत आले. बूट न काढताच सोफ्यावर बसले.

"आज नाही म्हणाल्या. यापुढेही नाही. कुणीतरी तक्रार केलीये म्हणे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इतकी साधी माणसं गं. त्यांच्याबद्दल कुणाला काय वाईट वाटत असेल?"

मी कुकर लावायला उठले.

शनिवारी संध्याकाळी बाबा बागेत असताना ती खाली आली. बाबांच्या चष्म्याचं घर वर राहिलं होतं, ते तिच्या हातात होतं. मी बसा म्हटलं. ती दारातच उभी राहिली.

"ग्रुपवर मीही आहे, ताई. तुमचा मेसेज वाचला मी."

मी पायानं पायपुसणं सरळ केलं.

"बाबांना सांगितलेलं नाही, आणि मी सांगणारही नाही. ते तुमचं तुम्ही बघा. फक्त त्यांना आता बुधवारी वर पाठवू नका. आमच्याकडे येणाऱ्यांचे फोटो काढतायत, त्यात ते नकोत." तिचा आवाज शाळेतल्यासारखा सपाट होता. चष्म्याचं घर माझ्या हातात देऊन ती वळली आणि पुन्हा थांबली. "तुमच्या बदलीचं झालं का काही?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाबांनी. दर बुधवारी तीच तर विनंती असायची त्यांची. आम्हाला म्हणायचे, साहेब कोण आहे मला माहीत नाही, पण ज्याच्या हातात तो अर्ज अडकलाय त्याचं मन मऊ होऊ दे, एवढं मागा. सगळे मागायचे. तो शिंपी तर डोळ्यांत पाणी आणून मागायचा, त्याचेही वडील गावी एकटे आहेत." ती जिन्याकडे निघाली. "आम्ही दोघं अजून मागतो. सवय झालीये."

दार लावून मी चष्म्याचं घर टीव्हीशेजारी ठेवलं. दहा-बारा माणसं वर्षभर दर बुधवारी डोळे मिटून माझ्यासाठी मागत होती. तिसऱ्या मजल्यावर बसून, तो साहेब मीच आहे हे न कळता, माझं मन मऊ व्हावं म्हणून. आणि मी त्यांना गेटवरून परत पाठवलं होतं.

पुढच्या बुधवारी बाबांनी दाढी केली. कुठं जायचं नव्हतं, तरी केली. सात वाजता जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले आणि जरा ओशाळून म्हणाले, "आपणच बसायचं का जरा? देवापुढे. तुझी काय विनंती असेल ती सांग."

मी म्हटलं, "बाबा, अर्ज मी दिलेलाच नाही. कधीच. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे तो."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते टेबलावरची मिठाची बाटली थोडी पुढं सरकवत, थोडी मागं घेत राहिले.

"म्हणजे साहेब कुणी नाहीच."

"नाही."

"मग वर ते दोघं अजून मागत असतील," ते म्हणाले. "बुधवार आहे. उगाच कशाला मागायला लावायचं त्यांना? जा, सांगून ये. मला नको म्हणाल्यात त्या, तू जा."

मेसेजचं मी त्यांना सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि चपला घातल्या. आधी तिला सांगू, मग बाबांना, असं ठरवत जिना चढले. तिसऱ्या मजल्यावर दार बंद होतं, पूर्वी बुधवारी ते सताड उघडं असायचं. आत पेटी नव्हती. दोघं अगदी दबक्या आवाजात मराठी गाणं म्हणत होती, भिंतीपलीकडे जाऊ नये इतक्या हळू. बाबा भाजी निवडताना गुणगुणायचे तेच ते होतं. मी कडव्याचा शेवट येईल म्हणून थांबले, पण कडवी संपेनात.

शेवटी मी बेल दाबली. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. दाराखालच्या फटीतला उजेड विझला, आणि दार कुणीच उघडलं नाही.