पासवर्डचा तो प्रोग्राम माझा नव्हता

बाळूदादाला मी फसवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, आज तरी खरं लिहितो.

दादा माझा मावसभाऊ. काष्टीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. मी नववी नापास, मोरबीला टाईल्सच्या कारखान्यात पॅकिंगला. मला फोनवर कोडिंग शिकवायचं खूळ त्याचंच.

पहिलाच प्रोग्राम, पासवर्ड तपासायचा. कमीत कमी आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह.

मी चार लूप लिहिले, म्हणजे अक्षरांवरून चार फेऱ्या. दरवेळी परत पहिल्या अक्षरापासून.

दादा लई हसला.
"आरं, बाजारात बैल घेताना दाताला एक चक्कर, खुराला दुसरी, शिंगाला तिसरी मारतो व्हय? एकाच फेरीत समदं बघ. आन आठाच्या खाली असंल तर फेरी बी नको. आल्या पावली माघारी धाड."

"कळलं," म्हणालो.

कळलं नव्हतं. एका फेरीत एवढं लक्षात कसं ठेवायचं, हे विचारायची लाज वाटली.

नेटवरून कॉपी मारला आणि माझा म्हणून पाठवला.

दादानं तो क्लासात प्रोजेक्टरवर लावला आणि मला व्हिडिओ कॉल केला.
"सोम्या, पोरं थांबल्यात. ही तिसरी ओळ काय करती, सांग बरं."

मी कॉल कट केला. मेसेज टाकला, नेटवर्क न्हाई.

मेसेज मात्र लगेच पोचला.

त्याचं उत्तर आलं, "बरं. सवडीनं तुझा लिहून पाठव."

तुझा.

मी पाठवला नाही. दोन महिन्यांत अटॅक आला, दादा गेला.

जलदान विधीला आलो तर क्लासमधली एक मुलगी पुढं आली.
"तुमीच ना सोमादादा? सर म्हनायचे, गावी आला की सोमाच तुमाला त्यो पासवर्डचा प्रोग्राम समजावंल. सांगता का?"

"माझी गाडी हाय," म्हणालो आणि निघालो. गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

त्या दिवशी विचारणाऱ्या ताई, वाचत असशील तर आता सांगतो.

आधी लांबी बघायची. आठाच्या खाली असेल तर तिथंच नापास.
मग तीन खुणा घ्यायच्या. कॅपिटल, आकडा, चिन्ह. तिन्ही False.
एकच लूप. जे सापडेल त्याची खूण True.
तिन्ही True झाल्या की थांबायचं, पुढं बघायची गरज नाही.

एवढंच होतं.

आता प्रोग्राम स्वतः लिहिला, सतरा ओळी झाल्या. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चालला. खाली फोटो टाकलाय.

दादा, हा माझा हाय.

उशीर केला, माफ कर.

शेवटचा जय भीम.
तुझा सोम्या