भैरवीनंतरची गाणी

त्या कामाची यादी माझ्या वहीत अजून आहे. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेणे. खरखर कमी करणे. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणे. दोन गाण्यांत दोन सेकंद जागा. सीडी सावकाश वेगाने लिहिणे. बारा प्रती. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण आहे. जी ओळ यादीत नव्हती, तीच चुकली.

माझा तेव्हा भोरला कॉम्प्युटर क्लास होता. सीडी लिहिणारं यंत्र नवंच घेतलेलं. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यांच्या गाडीवर वर्षानुवर्षं एकच कंडक्टर. ते पासलीचे, गावच्या भजनी मंडळाचे बुवा. मी त्यांना काका म्हणत असे. निवृत्तीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन झालं की आवाज राहणार नाही. काका थेट माझ्याकडे आले.

"पोरी, तुझ्या त्या पेटीत माझा आवाज घालून ठेव. मग कापू दे काय कापायचं ते."

भात झोडून झालं होतं, त्यामुळे मंडळाच्या दहाही माणसांना दुपारी सवड होती. आवाज घुमू नये म्हणून मी काकांच्या घरात भिंतींना घोंगड्या टांगायला लावल्या. पखवाज दाराबाहेर बसवला. पखवाजवाले आजोबा म्हणाले, "आयला, चाळीस वर्सं बुवाच्या मांडीला मांडी लावून बसलो, आन आज उंबऱ्याभाईर!" काका हसले आणि गायला बसले. मधे फक्त कॅसेट उलटण्यापुरते थांबले.

पुढचे आठ दिवस मी त्या आवाजावर काम केलं. पहिल्या अभंगात तो जड होता, पुढे मोकळा होत गेला होता. पहिल्या गाण्याचा आवाज वाढवावा लागला, पखवाज कमी करावा लागला. फायलींना मी इंग्रजी अक्षरांत नावं दिली: अभंग एक ते चार, भैरवी, भारूड, गजर, गवळण. कॉम्प्युटरने त्या आपोआप अक्षरांप्रमाणे लावल्या. नावं नीट ओळीत दिसली, मला बरं वाटलं, आणि मी सीडी लिहायला घेतली. आमच्या घरी भजन नव्हतं. भैरवी म्हणजे काय, हे मी कोणाला विचारलं नाही.

काका दवाखान्यात असतानाच बारा प्रती वाटून झाल्या. मंडळात दहा, काकांच्या घरी एक आणि त्यांच्या किकवीला दिलेल्या मुलीकडे एक. पासलीत कोणाकडे सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं. काका घरी आल्यावर मी माझं घेऊन गेले. सगळं मंडळ जमलं. काकांच्या गळ्याला पांढरी पट्टी होती आणि मांडीवर पाटी-पेन्सिल.

चार अभंग झाले. पाचवी भैरवी. ती संपली तशी सगळ्यांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला, टोप्या सारख्या केल्या आणि उठले. कोणीतरी आत हाक दिली, "वैनी, च्या टाका." तेवढ्यात यंत्रातून भारूड सुरू झालं.

सगळे होते तिथेच थांबले.

"आरं, भैरवी झाल्याव कुठं भारूड आसतंय व्हय?" पखवाजवाले आजोबा म्हणाले.

"आता काय करायचं? पुन्यांदा बसायचं, का उभ्यानंच आयकायचं?" दुसऱ्याने विचारलं.

मीसुद्धा हसले. मग काकांकडे लक्ष गेलं. त्यांनी हात पुढे करून यंत्र बंद केलं आणि पाटीवर लिहिलं, 'मी असं गायलो नव्हतो.'

भैरवी शेवटची, तिच्यानंतर गायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. उभ्या जन्मात काकांनी तो नियम एकदाही मोडला नव्हता. मी तो बारा ठिकाणी मोडून ठेवला होता, आणि आता पुन्हा गाऊन दाखवायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. त्यांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं, 'सगळ्या परत आण.'

लिहून बंद केलेली सीडी बदलता येत नाही. नवीनच करावी लागते. काकांनी पाटीवर क्रम लिहून दिला, मी तो वहीत उतरवला आणि वाचून दाखवला. पुढच्या आठवड्यात वहीत बारा नावं ओळीने लिहिली आणि बारा नव्या प्रती घेऊन निघाले. नवी द्यायची, जुनी घ्यायची, खूण करायची. एका घरी जुनी सीडी पाखरं हाकायला परसात टांगलेली होती, तीही सोडवून घेतली. पासलीत अकरा खुणा झाल्या. दुसऱ्या दिवशी कापूरहोळला गाडी बदलून किकवीला गेले.

मुलीने नवी सीडी घेतली. जुनी देईना.

"अगं, तिचा क्रम चुकलाय."

"ठावं हाय मला. आमच्याकडं यंत्र हाय, पयल्याच दिवशी कळलं. म्या मुद्दामच बोलली न्हाई." ती सीडीवरची धूळ पदराने पुसत होती. "भैरवी झाली की वाटतंय, संपलं आता. आन मग आबा पुन्हा गायला लागत्यात. ऱ्हाऊ द्या ताई तेवढी."

न झालेल्या कामापुढे मी खूण करत नाही. वही तशीच घेऊन पासलीला गेले आणि काकांपुढे धरली. त्यांनी बोटाने ओळी मोजल्या. बाराव्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलगी जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत सांगितलं.

काकांनी पाटी जवळ ओढली, पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग माझ्या हातातलं पेन मागून घेतलं.

वहीत अकरा खुणा माझ्या आहेत, लहान आणि सरळ. बारावी मोठी आहे, समासाबाहेर गेलेली.