त्रेचाळीस दिवस गैरहजर

शालिग्रामला बसलेलं कुणी पाहिलंच नाही. बावीस वर्षं कॉलेजात शिपाई. पण शिपायाच्या स्टुलावर कायम फायलीच बसलेल्या, आणि हा आपला फाटकापासून टाकीपर्यंत, टाकीपासून ऑफिसापर्यंत. सुलतानपूरच्या पुढं रस्त्यालगतच्या त्या ज्युनियर कॉलेजातलं पोर कुठल्या गावचं, कुठल्या एसटीनं येतं, बाप काय करतो, सारं त्याला तोंडपाठ. फाटकापाशी हजेरीच्या अंगठ्याचं मशीन आलं, तेव्हा त्याला घरात सवत आल्यासारखं झालं.

"शालिग्राम, मशीन खोटं बोलत नाही," प्राचार्य रंगरावसर म्हणाले होते. मग मी काय बोलतो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी आठवली आणि ते गिळलं.

फाटकावर कॅमेराही बसला. 'मुलींच्या सुरक्षेसाठी' असा फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो एवढा मोठा, की मुलींना जागाच उरली नाही.

डिसेंबरात बारावीची यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी नसलेल्यांचा परीक्षेचा अर्ज पुढं जाणार नव्हता. यादीत फलक, वहाबची पोरगी. गैरहजर दिवस, त्रेचाळीस.

शालिग्रामनं आकडा दोनदा वाचला. पोरगी रोज साडेसातला यायची. अंगठा लावायची. मशीन बाईच्या आवाजात म्हणायचं, "प्लीज ट्राय अगेन." पुन्हा लावायची, पुन्हा तेच. मागं रांग खोळंबायची. मग हाच शालिग्राम ओरडायचा, "फलक, पळ वर्गात! मशीनचं नाटक रोजचंच हाय. तू आली हे मले दिसलं ना!"

त्याच्या दिसण्याला किंमत किती, ते आता यादीत छापून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी फलक आली ती उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून. मशीनपाशी चिंधी सोडली. अंगठा लालभडक, कातडी सोललेली.

"हे काय करून ठेवलं व?"

"विटेवर घासला, काका."

"विटेवर? डोकं ठिकाणावर हाय का तुयं?"

"अम्मी म्हणे, ऑगस्टात अंगठा घेतला तवा असाच होता. मंग मशीन तसाच मांगत असंन."

शालिग्रामला तिचा पावसाळ्यातला अंगठा आठवला. बोंडअळीनं सारा भाग पोखरला, त्याच्या पुढच्या साली वहाबनं बाजारची कपाशी सोडून कंपनीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला होता. त्यात क्रॉसिंगचं काम. दुपारी उद्या उमलणारी कळी अंगठ्याच्या नखानं सोलायची, आतलं नर केसर काढायचं, सकाळी त्यावर दुसऱ्या झाडाचं फूल फिरवायचं. सकाळचं तिची आई नूरजहां करायची, दुपारी कॉलेज सुटलं की फलक. दिवसाला हजार-हजार कळ्या. पावसाळाभर अंगठा काळा, चिरलेला, रेषा झिजून गेलेल्या. नेमका तोच अंगठा ऑगस्टात मशीनमध्ये नोंदला. ऑक्टोबरात क्रॉसिंग संपलं, कातडी भरली, रेषा परत आल्या. बरा झालेला अंगठा मशीन ओळखेना.

आणि ऑगस्टात तो अंगठा काचेवर दाबून धरणारा हात शालिग्रामचाच होता.

"चाल माह्यासंगं," तो म्हणाला.

"सर रागावतीन, काका."

"रागावू दे. त्यायले मशीनवर रागावता येत नाही, मंग मानसावर काढतेत."

केबिनमध्ये रंगरावसरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. "हे सगळं खरं असेल. पण मला पुरावा लागतो. तुझ्या शब्दावर मी अर्ज पाठवू का?"

"माह्या नका घेऊ." शालिग्रामनं भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बोट केलं. "त्याचा घ्या. तोबी मशीनच हाय."

कॅमेऱ्यात पंधरा दिवसांचंच राहायचं, जुनं आपोआप पुसलं जायचं. सर कुरकुरले, पण क्लार्क मोईजला बोलावलं. मोईजनं माऊस फिरवला. सोमवार, सात अठ्ठावीस. फलक. मंगळवार. फलक. शालिग्राम केबिनभर येरझाऱ्या घालत होता.

"एका जागी उभा राहा बे, मले चक्कर येऊन राह्यली," मोईज पुटपुटला.

बुधवारच्या चित्रात फलक मशीनपाशी अडलेली, आणि तिच्यामागं खुद्द रंगरावसर. ते थांबतात, हात हलवून तिला काही सांगतात, आत निघून जातात.

"काय म्हणाले होते सर तुले?" शालिग्रामनं विचारलं.

फलकनं मान खाली घातली. "जोरात दाब, म्हणे."

मोईजला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात घातलं. सर पडद्याकडं बघतच राहिले. त्या दिवशीही यादीत फलक गैरहजर होती.

"बारा दिवस," अखेर सर म्हणाले. "पण बाकीच्या एकतीस दिवसांचं काय?"

"सर, बारापैकी बाराही दिवस मशीन चुकलं. तुम्ही सोता पाहूनबी चुकलं. आता एकतीस दिवस ते खरं बोललं, हे तुम्ही कशावरून म्हणता?" त्याचा आवाज चढला, बाहेर झाडणाऱ्या बाया डोकावल्या. "मले कामावरून काढाचं तं काढा. पोरीचं साल नका बुडवू."

सरांनी फलकच्या सोललेल्या अंगठ्याकडं पाहिलं. मग कागद ओढला, 'तांत्रिक बिघाडामुळे हजेरी नोंदली गेली नाही' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. अर्ज पुढं जाणार होता. फलकनं ओढणीनं डोळे पुसले आणि अंगठा झोंबला म्हणून तोंड वेडंवाकडं केलं.

"जा, हळद लाव त्याले. आन् अम्मीले सांग, पोरीच्या हाती पुन्हा वीट दिसली तं मी घरी येऊन भांडीन."

ती गेली. शालिग्राम मात्र टेबलापासून हलला नाही.

"आता काय?" सर म्हणाले.

"अकरावीच्या सात पोरी हायेत, सर. त्याबी क्रॉसिंगवरच जातेत, त्यायचाबी अंगठा मशीन ओळखत नाही. कॅमेऱ्यातला पहिला दिवस उद्या पुसला जाईन." त्यानं मोईजच्या खांद्यावर हात ठेवला. "उठू नको. सोमवार लाव."