सुतारमामांच्या सागवानी फळ्या

सुतारमामांच्या हाताखालून गेलेली वस्तू म्हणजे लोणी. दार असो की साधं स्टूल, रंधा मारून, पॉलिशपेपर घासून, वरून तळवा फिरवून बघितल्याशिवाय ती दुकानाबाहेर जायची नाही. कुणी म्हणालं, "मामा, कोंबड्यांचं खुराडं आहे हो, राहू द्या की," तर कपाळावर आठी. "का? कोंबड्यांना अंग नसतं?" असा माणूस. संसारही त्यांनी असाच केला, घासूनपुसून. बायकोशी आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नाही. आता तोंड भरून कौतुक केल्याचंही आठवत नाही म्हणा.

मामी म्हणजे दुसरंच टोक. मुलगी सासरी गेली, घर खायला उठलं, तशा एक दिवस "मी गाडी शिकते" म्हणाल्या. पन्नाशीत! मामा नुसते म्हणाले, "बघ बाई, गाडी म्हणजे लाटणं नव्हे."

"तुम्हाला लाटणं तरी कुठे येतं?" मामी म्हणाल्या. संपला विषय. शिकल्या, परवाना मिळवला आणि बेकरीची पावाची गाडी चालवायला लागल्या. स्टिअरिंगवर बसल्या की त्यांचा चेहराच बदलायचा, गाणं काय गुणगुणतील, समोरच्याला हॉर्न काय देतील! मामा कधी शेजारी बसलेच, तर डोळे गच्च मिटून घ्यायचे. ते उघडायचे घराच्या दारात.

घोडं अडलं ते वाळूत. पाव पोचवायचा समुद्राकाठी, मासेमारांच्या वस्तीवर. डांबरी रस्ता मध्येच संपतो, मग वस्तीपर्यंत नुसती वाळू. पहिल्यांदा गाडी रुतली तेव्हा लोकांनी ढकलून काढली. दुसऱ्यांदा ट्रॅक्टर आणावा लागला. बेकरीचे मालक तसे मनाने वाईट नाहीत, पण पाव वेळेवर गेला नाही की त्यांचं डोकं फिरतं. म्हणाले, "मामी, आता पुन्हा रुतली तर किल्ली माझ्या हातात द्यायची. तुम्ही आपल्या काउंटरवर बसा, मस्त पंख्याखाली."

त्या दिवशी मामी जेवायला बसल्या. आमटीत मीठ नव्हतं, तेही त्यांना कळलं नाही. मामांना मात्र कळलं. ही बाई काउंटरवर बसून पाव मोजणार? कोमेजून जाईल! पण तोंडाने धीर देणं त्यांना कधी जमलंय? सकाळी उठून दुकानात गेले आणि माळ्यावरच्या सागवानी फळ्या खाली काढल्या. घरच्या कपाटासाठी त्या कित्येक वर्षं जपून ठेवलेल्या. सुताराच्याच घरचं कपाट मोडकं, हे तर ठरलेलंच.

डोक्यातली कल्पना साधी होती. रुतलेलं चाक जागच्या जागी फिरतं, कारण त्याला धरायला काही नसतं. चाकापुढे फळी खुपसली की चाक तिच्यावर चढणार आणि गाडी बाहेर! मामांनी चाकापेक्षा जरा रुंद अशा दोन लांब फळ्या कापल्या, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, वाळूत गाडल्या गेल्या तर ओढून काढायला टोकाला दोरी बांधली. इथवर काम फक्कड झालं होतं. पण इथे थांबतील तर ते मामा कसले! पट्ट्यांच्या कडा गोल केल्या. रंधा मारला. पॉलिशपेपर घासला. वर वार्निशचे दोन हात.

मामींनी बोट फिरवून बघितलं. "अहो, जरा खरखरीत नको का? चाक घसरेल."

"माझ्या दुकानातून कुसळ लागणारी वस्तू बाहेर जायची नाही," मामा म्हणाले.

मामी हसल्या. नवऱ्याने आपल्यासाठी केलेली वस्तू! त्यांनी फळ्या पदराने पुसल्या आणि गाडीत ठेवल्या.

पुढच्या फेरीला मालक स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसले. "बघू तरी," म्हणाले. मामा मागे, पावाच्या ट्रेंच्या मधे अंग चोरून. सोबत हत्यारांची पिशवी, कारण हत्यारांशिवाय हा माणूस लग्नालाही जात नाही. आता मालकांचं एकट्याचं वजनच असं, की वाळू लागली न लागली तोच मागची चाकं बसली.

मामा टुणकन उतरले. वाळू उकरली, फळ्या मागच्या चाकांपुढे दाबून बसवल्या आणि रुबाबात ओरडले, "हं, दे आता!"

मामींनी गाडी रेटली आणि काय सांगू! चाक वार्निशवर सर्रकन फिरलं आणि फळी मागे अशी सुटली, ओला साबण हातातून सुटावा तशी. मालक खाली उतरून नेमके मागेच उभे. त्या देहाने तेवढी उंच उडी मारलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. चाकं मात्र आणखी खोल गेली.

मालकांनी घाम पुसला. "मामी, बोलल्याप्रमाणे आता..."

मामी खाली उतरल्या. नवऱ्याकडे रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. "जाऊ द्या हो," त्या हळूच म्हणाल्या, "फळ्या किती छान झाल्या होत्या."

ते मात्र मामांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी फळी उचलली, सवयीने तळवा फिरवला. लोणी! जन्मात पहिल्यांदा त्यांना त्या गुळगुळीतपणाची चीड आली. पिशवीतून लाकूड तासायचा वाकस काढला आणि घातला घाव. वार्निशच्या ढलप्या उडाल्या. आडवे, तिरपे, जमेल तसे घाव. प्रत्येक घावाला चेहरा असा, की कुणी त्यांच्याच दंडावर मारतंय. मग पटाशीने खाचांच्या कडा उचकटून काढल्या. कपाटाचं सागवान ते, बघवत नव्हतं.

"अहो, पुरे! बोटं सांभाळा!"

"पुरे काय पुरे? गाडी जाईल ना तुझी!" मामा ओरडले. चक्क आवाज चढवून. मामी बघतच राहिल्या.

मग मामांनी चाकं वाळूवर पसरावीत म्हणून त्यांतली थोडी हवा सोडली आणि ओरबाडलेल्या फळ्या दोघांनी मिळून चाकांपुढे खुपसल्या. मामींनी पहिला गिअर टाकला. या वेळी चाकाने फळी धरली. करकरली, हलली, चढली आणि निघाली की गाडी! निघाली ती थांबेचना.

"अरे, मामींना थांबायला सांगा की!" मालक ओरडले.

"वाळूत थांबायचं नसतं, शेठ," मामा म्हणाले. "चला, एक फळी तुम्ही घ्या."

दोघं खांद्यावर फळ्या घेऊन वाळू तुडवत निघाले. पुढे गाडी डुलत डुलत वस्तीकडे चालली होती. मामा आज पहिल्यांदाच बायकोला उघड्या डोळ्यांनी गाडी चालवताना बघत होते. "काय सुंदर चालवते हो ही!" ते म्हणाले. मालकांनी धापा टाकत फळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

वस्तीच्या घट्ट जमिनीवर मामी गाडी बंद करून उभ्या होत्या. मालक जवळ येताच त्यांनी किल्ली पुढे केली. "रुतली होती, शेठ. शब्द म्हणजे शब्द."

मालकांनी फळी खाली टाकली. तळहातात घुसलेलं कुसळ दातांनी ओढत म्हणाले, "ठेवा हो तुमच्याकडेच. मला कुठे चालवता येते?"

पाव वाटून झाला. मालक आपण होऊन मागे ट्रेंच्या मधे जाऊन बसले. पुढे मामी सेफ्टी पिनने मामांच्या तळव्यातली कुसळं काढत होत्या.

"कपाट गेलं आपलं," त्या म्हणाल्या.

"मोडकं बरं आहे."

"बरं, मिटा डोळे. निघतेय मी."

"नाही मिटत," मामा म्हणाले.

वाळू आली तशी त्यांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली. पण डोळे उघडे होते, आणि ते रस्त्याकडे बघतच नव्हते.