बिनविम्याचं घर

ज्याचा म्हणून विमा उतरवता येतो त्या सगळ्याचा उतरवून फक्त राहतं घर तेवढं वगळणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा थोरला काका आहे. चोपड्याजवळच्या त्यांच्या गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. केळीचा विमा, ट्रॅक्टरचा विमा, म्हशीचा तर ती गोठ्यात नीट रुळायच्या आत. घराचा विषय काढला की मात्र आबा माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत. "जवाईबापू, केयीले वारा लागस. घरले काय लागस?" वर्षाचा हप्ता तुमच्या एका भरीत पार्टीत निघेल, असंही मी सांगून पाहिलं. त्यावर, "घरना विमा काढना म्हणजे घर जयानी वाट दखनी," म्हणजे घर जळायचीच वाट पाहणं, असं म्हणाले आणि पुढची पार्टी ठरवायला लागले.

भरीत म्हणजे आबांचा जीव की प्राण. थंडी पडली की अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजायची आणि दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते आजाऱ्याचं जेवण म्हणत. नेमका त्याच दिवसांत त्यांचा कापूस भाव वाढायची वाट पाहत पुढच्या खोलीत छताला टेकलेला असे. पाहुण्यांनी अंग चोरून आत शिरायचं. कापसापायी घरात विडी बंद आणि काकूंचा, म्हणजे अक्कांचा, देवापुढचा दिवासुद्धा मागच्या पडवीत. एवढी काळजी घेणाऱ्या आबांना अंगणातला जाळ मात्र कधी जाळ वाटलाच नाही. तो भरताचा विस्तव होता.

दोन वर्षांपूर्वी त्याच विस्तवाची ठिणगी वाऱ्याने उघड्या खिडकीतून कापसात गेली. माणसं अंगणात जेवत होती म्हणून वाचली. सागाची दारं, अक्कांनी जन्मभर जमवलेली भांडी, काही राहिलं नाही. केळी त्या वर्षी ताठ उभी होती, म्हैस धडधाकट होती आणि ट्रॅक्टरला साधा ओरखडा नव्हता.

तेव्हापासून अक्का जळगावला मुलाच्या फ्लॅटवर असतात. आबा शेतातल्या खोलीत राहतात आणि दर शनिवारी एसटीने त्यांना भेटायला जातात. काम कुठवर आलं ते अक्का विचारतात, "घरनं काम कोठलगून उनं?" भिंती झाल्या, असं आबा एकदा म्हणाले, "भिंती व्हयन्यात." मग काही महिन्यांनी, "दारे बसनात," म्हणजे दारंही बसली. मी गावी जाऊन पाहिलंय. काळवंडलेला ओटा तेवढा आहे. बांधायला पैसा नाही, त्यामुळे एक वीटही रचलेली नाही. या माणसाचा राग यायला हवा, पण मला येत नाही.

गेल्या शनिवारी मी जळगावच्या फ्लॅटवरच होतो. आता रंग तेवढा राहिलाय, असं आबांनी सांगितलं. अक्कांनी पुढच्या खोलीला फिकट पिवळा द्यायला सांगितला आणि त्यांच्या ताटात आणखी भाकरी वाढली. चला, एकदा पाहून येऊ, असं मात्र त्या अजून कधीच म्हणालेल्या नाहीत.