प्रश्न सतरावा: चूक कुणाची?

मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तास संपला की आमच्याकडे डाऊट काउंटर लागतो. म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, खुर्चीत मी आणि समोर अडलेले प्रश्न घेऊन उभ्या पोरींची रांग. एरवी किडनी नाहीतर पेशीविभाजन. त्या दिवशी मात्र पहिल्याच पोरीनं वही उघडली आणि विचारलं, "मॅडम, चौथ्या प्रकरणात लायब्ररीची किल्ली कुणाकडं हुती?"

मी खुर्चीतच उडाले. माझी कादंबरी येऊन पंधरा दिवसही झाले नव्हते.

"तू वाचलीस?"

"म्या एकटीनं न्हाई मॅडम, अख्खं हॉस्टेल वाचून राहिलंय."

मागून दुसरी ओरडली, "मॅडम, तो पोरगा मेला का पळून गेला, तेवढं सांगा. मला झोप न्हाई." तिसरीला वेगळाच डाऊट होता. रांगेत किडनीचा एकही प्रश्न नव्हता! मला इतका आनंद झाला की मी त्यांना रागवायचंच विसरले, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही साधी गोष्ट नाही.

गोष्ट तशी सरळ होती. माहूरकडच्या डोंगरात मी एक जुनं निवासी कॉलेज मनानंच उभं केलं होतं. तिथं पाच मुलं बंद लायब्ररीत चोरून जमतात, गणिताचे एक सर सगळ्यांना धाकात ठेवतात, कॉपीच्या संशयावरून एकाचा पेपर भर वर्गात फाडतात, आणि एके दिवशी पाचातला एक जण डोंगरावरून परत येत नाही. पोरींनी मला समजावून सांगितलं की ह्याला डार्क अकॅडेमिया म्हणतात. "जुनं कॉलेज, पुस्तकं, गुपितं अन् एक तरी मुडदा, एवढं लागतंच मॅडम." मला आपलं वाटत होतं की मी हॉस्टेलची गोष्ट लिहिली.

मग फोन सुरू झाले. भोकरहून एक काका बोलले, "ताई, आम्ही देवीच्या दर्शनाला माहूरला गेलो व्हतो. उतरताना तुमचं कॉलेज हुडकलं. दोन तास. सापडलंच न्हाई."

"अहो काका, ते नाहीच. मी मनानं रचलंय."

"नाही कसं? सत्तावीस पायऱ्या हायत म्हणून लिवलंय की तुम्ही!"

त्यांचा माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. जळकोटच्या एका बाईंनी कळवलं की पुस्तक वाचून त्यांनी लेकीला हॉस्टेलला ठेवायचा बेत रद्द केला. मी उलट त्यांना फोन लावून अर्धा तास विनवलं, की पाठवा हो, आमच्या लातुरात फार तर मेसच्या वरणानं त्रास होतो. शेवटी तयार झाल्या बिचाऱ्या.

पण कळस केला तो माझ्याच पोरींनी. एका सकाळी त्यांनी माझ्यापुढं एक जाडजूड स्पायरल बाइंडिंग ठेवलं. आत माझी अख्खी कादंबरी झेरॉक्स केलेली, पिवळ्या-हिरव्या रेघा मारलेली, आणि शेवटी जोडलेला टेस्ट पेपर. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वर आन्सर की!

"अगं भवान्यांनो, लेखिकेच्याच नाकासमोर झेरॉक्स?"

"मॅडम, नोट्स झेरॉक्सच असत्यात ना," त्या भोळेपणानं म्हणाल्या. कादंबरीवर टेस्ट काढणारी माणसं लातूरशिवाय कुठं सापडणार, सांगा! मी खो खो हसत एकेक प्रश्न वाचत गेले आणि सतराव्यावर थांबले.

"सरांनी भर वर्गात पेपर फाडला, यात चूक कुणाची? अ) सरांची. ब) मुलाची. क) बघत बसलेल्या वर्गाची. ड) वरीलपैकी सर्व."

आन्सर की सांगत होती: ब.

"मुलाची कशी काय?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"गप बसला की मॅडम तो. त्यानं कॉपी केली नव्हती तर तवाच सांगायचं ना तोंड उघडून."

मी स्पायरल मिटलं आणि तास आहे म्हणून उठले. तास नव्हता.

आता सांगूनच टाकते. ते सर म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नांदेडला माझ्याच शाळेत ते गणित शिकवायचे आणि शाळेत मलाही त्यांना सर म्हणावं लागायचं. दहावीच्या सराव परीक्षेत भूमितीचं एक उदाहरण मी त्यांनी शिकवलेल्या रीतीनं न सोडवता, आकृतीत एक जादा रेघ काढून चार ओळींत उडवलं. माझ्या मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शेजारच्या मुलीनं तीच रेघ माझ्या पेपरातून उतरवली. दोन पेपरांत एकच रेघ बघून अण्णांनी दोघींना उभं केलं आणि माझा पेपर फाडला. फक्त माझा. सरांच्या लेकीला सूट मिळते असं कुणी म्हणू नये म्हणून. मला काही विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. वीस वर्षं झाली, आमच्या घरात त्या पेपराचा विषय निघाला नाही.

कादंबरीत मी मुलीचा मुलगा केला, शाळेचं कॉलेज केलं, आणि सरांना इतकं काळं रंगवलं की माझा सगळा राग त्यात ओतला गेला. लिहिताना बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू? पण पुस्तक छापून आल्यावर मी घाबरले. अण्णांनी वाचलं आणि ओळखलं, तर ते पुन्हा माझ्याशी नीट बोलतील का? म्हणून त्यांना पुस्तक दिलंच नाही. त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, अजून प्रती आल्या नाहीत.

आणि एका दुपारी त्यांचा फोन आला. "तुझं पुस्तक वाचून राहिलो मी."

"कुठून मिळालं अण्णा?"

"शेजाऱ्यांची नात तुमच्याच क्लासला आहे ना. तिनं ते पोरींचं झेरॉक्सचं स्पायरल आणलंय. लेकीचं पुस्तक शेजाऱ्याकडून मागून आणलं मी. रविवारी येशील का?"

आवाजावरून काही कळेना. रविवारी मी नांदेडची पहिली एसटी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी मनात सबबी जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हती.

दार आईनं उघडलं. "ये माय. आठ दिवस झाले, लाल पेन घेऊन बसलेत. रिटायर झाल्यापासून इतके खूश बघितले नव्हते. काय लिहिलंयस काय तू?"

खूश? मला काही समजेना. अण्णांनी स्पायरल माझ्या हातात दिलं, "तपासलाय, बघून घे," एवढं म्हणाले आणि मागच्या अंगणात झाडांना पाणी घालायला गेले.

मी उभ्या उभ्या पानं चाळायला लागले. जिकडंतिकडं लाल! "पायऱ्या आधी सत्तावीस, इथे एकोणतीस. पुन्हा मोजा." "हा प्रसंग झकास." "आमच्या वेळी लायब्ररीत एवढी धूळ नसे." शंभराच्या पुढं एका पानावर नुसतंच "अरे वा!" मला हसू आवरेना. अण्णांनी माझ्या वहीवर उभ्या जन्मात "अरे वा" लिहिलं नव्हतं हो!

पेपर फाडण्याचं पान आलं. त्यावर एकही खूण नव्हती. कोरं.

मी घाईनं शेवटी गेले. समोर आलेला पेपर न सोडवता ठेवणं त्यांच्या रक्तातच नाही. पन्नासच्या पन्नास प्रश्न सोडवलेले होते. सतराव्याला त्यांनी अ भोवती गोल केला होता, आन्सर कीमधला ब खोडला होता आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "उत्तरतालिका चूक आहे. दुरुस्त करावी. फाडण्याआधी सरांनी मुलीला विचारायला हवे होते."

मी ते तीनदा वाचलं. कादंबरीत मुलगा आहे. मुलगी फक्त आमच्या घरात होती.

अंगणात गेले तेव्हा पाईप एकाच कुंडीत सोडून अण्णा उभे होते, आणि कुंडी केव्हाची भरून वाहत होती. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "ती जादा रेघ तुला सुचली कशी?"

वीस वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न!

मी तिथंच पायरीवर बसले. स्पायरलच्या मागच्या कोऱ्या पानावर आकृती काढली, ती रेघ ओढली आणि चार ओळी लिहिल्या. एक अक्षर विसरले नव्हते. डोक्यात पुन्हा त्याच उकळ्या फुटत होत्या. अण्णा चष्मा लावून शेजारी टेकले. ओळीवरून बोट फिरवत त्यांनी सावकाश वाचलं, मग पुन्हा वाचलं. खिशातून लाल पेन काढलं, मोठी बरोबरची खूण केली आणि खाली मार्क मांडले. पाचापैकी चार.

"चार?" मी म्हणाले.

"तिसऱ्या पायरीचं कारण लिहिलं नाहीस."

"ते उघड आहे अण्णा!"

"उघड असलं तरी लिहावं लागतं."

"मुळीच नाही. बघा इकडं," असं म्हणून मी त्यांच्या हातातून पेन ओढून घेतलं, आणि डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसत त्यांच्याशी त्या एका मार्कासाठी भांडायला लागले.