उशीचं पोट

झाडीपट्टीच्या नाटकांत मी विनोदी सावकाराची कामं करायचो, आणि कंपनीनं मला ठेवलं होतं ते पोटासाठी. संवाद कोणीही म्हणतो. असं पोट नाटक कंपन्यांच्या अख्ख्या वडसा बाजारात दुसऱ्याकडं नव्हतं. मंचावर चढलो की धाप लागायची, मी खांब धरायचो आणि मंडप हसून लोळायचा. आमच्याकडं प्रॉम्प्टर मंचासमोर बसून वाक्यं पुरवतो. माझ्या धापेसाठी तो मुद्दाम थांबायचा. त्याला तो अभिनय वाटे.

मग उताणं झोपणंच बंद झालं. भिंतीला टेकून डोळा लागायचा. बायको म्हणाली, "तुमचा श्वास मधातच थांबते. मले भेव लागते."

पावसाळ्यात नाटकं बंद असतात. तेव्हा मी हट्टानं जेवण तोडलं. वजन उतरलं, पण मांड्या सुकल्या, गालफडं बसली आणि पोट बेटं जवळपास तसंच. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाई संतापल्या. उपाशी राहून मी चरबीबरोबर अंगातलं मांसही घालवत होतो. पोटातली चरबी श्वासाच्या पडद्याला खालून ढकलते, फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही, हे त्यांनीच समजावलं. मग भात कमी केला. डाळ, अंडी, तळ्यातली मासोळी, रोजचं चालणं आणि थोडा व्यायाम सुरू झाला. हंगाम येईस्तोवर पोट खरंच उतरलं. मी उताणा झोपलो. वाकून चपलेचा पट्टा लावला, तोही बोलता बोलता. त्या दिवशी मला रडू आलं.

तालमीत मालकांनी मला पाहून डोक्याला हात लावला. "भाऊ, तब्येत झकास दिसून राह्यली. पण लोकं आता कायले हासतीन?"

दुसरा सावकार पाहतो म्हणाले. हंगाम हुकला तर वर्ष हुकलं. मीच म्हटलं, उशी बांधा.

पहिल्याच प्रयोगाला दोघांनी मिळून ती उशी छातीखाली धोतरानं करकचून आवळली. वर कोट, त्यावर उपरणं. अर्ध्या अंकात दम कोंडला. फासळ्या हलेनात. वाक्य तोंडात होतं, पण ते बाहेर काढायला वाराच नव्हता. घाबरून मी खांब धरला आणि प्रॉम्प्टरला हातानं कोटाखालच्या गाठीची खूण केली. तो हसत थांबला.

"सोडा नं कोनी, मले श्वास येऊन नाई राह्यला."

माईकनं ते पार मागच्या रांगेपर्यंत पोचवलं आणि लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. मी जितका तडफडलो तितक्या शिट्ट्या वाढल्या.

पडदा पडल्यावर गाठ सुटली. मी जमिनीवर बसून धापा टाकत होतो, तेवढ्यात मालक खूश होऊन आत आले.

"असंच बांधजा रोज," ते म्हणाले.

पुढच्या गावात उशी आवळून मी मंचावर उभा राहिलो. खांब धरला. समोरून प्रॉम्प्टरनं हळू आवाजात वाक्य पुरवलं, "सोडा नं कोनी, मले श्वास येऊन नाई राह्यला," आणि मी ते म्हटलं.